राखण : कियांतीच्या टेकड्या आणि मराठा पलटण

गेल्या वर्षी आपल्या मंडळाच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड आलं होतं. आठवत असेल बऱ्याच जणांना. 'हिटलरच्या तावडीतून जगातलं सर्वांत सुंदर चित्र सोडवणारे मराठे', असं काहीसं शीर्षक, खाली बोत्तिचेल्लीचं 'प्रिमावेरा', आणि शेवटी 'प्रत्येक मराठी माणसानं शेअर करावं' अशी आज्ञा. मी पण शेअर केलं. महिन्याच्या बैठकीत एका ज्येष्ठ सभासदांनी चष्मा वर करून विचारलं, "सोडवलं म्हणजे नक्की काय केलं हो?" कुणाला सांगता येईना. मलाही नाही.

बेळगावात राहून हे सांगता येऊ नये याची मला लाज वाटली. १९२२ च्या फेररचनेनंतर मराठा पलटणींचं प्रशिक्षण बेळगावला आलं, आणि रेजिमेंटल सेंटर आजही कॅम्पात आहे. आमच्या लहानपणी सकाळची जाग बिगुलानं यायची. माझे आजोबा, आईचे वडील, याच पलटणीतून इटलीला जाऊन आले होते. घरात त्यांची काळी ट्रंक होती, त्यात इटली स्टार पदक होतं. पण युद्धाबद्दल ते बोलायचे नाहीत. आम्ही फार मागं लागलो की एकच वाक्य, "एक टेकडी घेतली की म्होरची टेकडी आपल्याकडं बघत बसलेली असायची." बस्स. पुढं तंबाखू मळायला घ्यायचे.

या वर्षी मुलीकडं युरोपात जाणं झालं, तेव्हा दहा दिवस बाजूला काढले. आजोबांच्या वाक्यातल्या टेकड्या पायी बघायच्या, आणि 'सोडवलं' या शब्दाची शहानिशा करायची, एवढंच ठरवलं होतं. त्याचा हा वृत्तांत.

आधी काशीने

सुरुवात फ्लॉरेन्सपासून केली, कारण तिथं आपलं एक माणूस पलटणीच्याही आधीपासून आहे. आर्नो नदीच्या काठी काशीने नावाचं लांबलचक उद्यान आहे. त्याच्या पश्चिम टोकाला, मुन्योने हा ओढा आर्नोला मिळतो त्या संगमाजवळ, एक रंगीत छत्री उभी आहे आणि छत्रीखाली फेटेवाल्या तरुणाचा अर्धपुतळा. हे कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज (दुसरे). १८७० मध्ये विलायतेचा प्रवास करून परतताना ३० नोव्हेंबरला फ्लॉरेन्समध्ये त्यांचं निधन झालं. वय अवघं वीस. फ्लॉरेन्स तेव्हा इटलीची राजधानी होती. तिथल्या सरकारनं खास परवानगी दिली आणि संगमावर हिंदू पद्धतीनं दहन झालं. १८७४ मध्ये स्मारक उभं राहिलं. जवळच्या आधुनिक पुलालाही 'भारतीयाचा पूल' असं नाव आहे.

हे आधी सांगण्याचं कारण असं. राजाला छत्री मिळाली, पूल मिळाला. त्यानंतर ७४ वर्षांनी याच शहराच्या दक्षिणेला कोल्हापूर, सातारा, रत्नागिरी, कुलाबा, बेळगावकडची शेतकऱ्यांची पोरं लढत आली. त्यांच्या खुणा शोधायच्या तर टेकड्या चढाव्या लागतात.

आजच्या द्राक्षबागा तेव्हा नव्हत्या

फ्लॉरेन्सच्या नैर्ऋत्येला मोंतेस्पेर्तोली नावाचं गाव आहे. हा कियांती वाइनचा मुलूख. 'काळा कोंबडा' ही खूण असलेली क्लासिको कियांती मात्र इथली नव्हे, तिची हद्द वेगळी आहे. कियांतीची हद्द सर्वांत आधी १७१६ मध्ये तिसऱ्या कोसिमो या ग्रँड ड्यूकनं जाहीरनाम्यानं ठरवली होती. मोंतेस्पेर्तोलीचे मळे त्या जुन्या हद्दीबाहेर, पण द्राक्ष तेच, सांजोवेझे.

गावातून सकाळी निघालो. रस्ता टेकडीच्या धारेवरून जातो. दोन्ही अंगांना द्राक्षांच्या सरळ रांगा, मध्येच ऑलिव्ह, टोकावर एखादं दगडी घर आणि सुरूची झाडं. कॅलेंडरवरच्या चित्रासारखं सगळं. मी पण पहिला तासभर फोटोच काढत होतो. मग आजोबांचं वाक्य आठवलं आणि मी नजर उलटी फिरवली. मी ज्या धारेवर उभा होतो, तिथून समोरच्या तीन धारा दिसत होत्या. म्हणजे त्या तिन्ही धारांवरून मी दिसत होतो.

जून १९४४ च्या ४ तारखेला रोम पडलं. त्यानंतर जर्मन सैन्य उत्तरेला अपेनाइन पर्वतातल्या गॉथिक लाइनकडं सरकत होतं, पण पळत नव्हतं. एका धारेवर थांबायचं, दगडी घरात मशीनगन लावायची, मागच्या धारेवरून तोफांना निशाण द्यायचं, समोरच्याला दोन-तीन दिवस खोळंबवायचं आणि रात्रीत मागच्या धारेवर जायचं. पर्यटक ज्याला 'व्ह्यू पॉइंट' म्हणतो, त्याला फौजी भाषेत ओपी म्हणतात, टेहळणीची जागा. दोघांना हवी असते ती एकच गोष्ट, लांबवरचं स्वच्छ दिसणं.

पण एक मोठी चूक करण्याआधी मी थांबलो. ही जी कंगव्यानं विंचरल्यासारखी द्राक्षबाग आज दिसते, ती आजोबांनी बघितलेलीच नाही. तेव्हा इथं मेझ्झाद्रिया चालायची, म्हणजे आपली अर्धेली. जमीन मालकाची, कष्ट कुळाचे, पीक निम्मं-निम्मं. कुळाला एकाच तुकड्यातून सगळं काढायचं असे, म्हणून द्राक्षाचे वेल मेपलसारख्या झाडांवर चढवलेले, त्या झाडांच्या दोन ओळींमध्ये गहू, कडेला ऑलिव्ह. १९६४ च्या कायद्यानं नवे अर्धेलीचे करार बंद झाले, कुळं शहरात गेली, आणि मग तारांवरच्या सलग बागा आल्या.

त्यामुळं जुलै १९४४ मधलं चित्र डोळ्यांसमोर आणायचं तर आजच्या रांगा पुसाव्या लागतात. झाडावर चढलेले दाट हिरवे वेल, मध्ये कापणीला आलेलं किंवा कापलेलं शेत, पायऱ्यापायऱ्यांचे दगडी बांध. आडोसा भरपूर, पण तो दोघांनाही. दहा पावलांवरच्या वेलामागं कोण आहे ते कळायचं नाही. अर्धेलीचं शेत आमच्या पोरांना अनोळखी नव्हतं, एवढं मात्र वाटून गेलं. मालकाचा वाटा काढून घरी नेण्याचा हिशेब त्यांना ठाऊक होता.

मोंतेगुफोनी : नक्की काय घडलं

पाच-सहा किलोमीटर चालल्यावर मोंतेगुफोनीचा मनोरा दिसतो. फ्लॉरेन्सच्या पालाझ्झो वेक्कियोची आठवण करून देणारा उंच मनोरा आहे. हा वाडा-किल्ला मुळात आच्चायोली घराण्याचा. १९०९ मध्ये सर जॉर्ज सिटवेल या इंग्रज गृहस्थांनी तो घेतला. आज तिथं पर्यटकांना राहायला खोल्या मिळतात. आत जायचं तर आधी विचारून जावं, खासगी जागा आहे.

युद्ध सुरू झाल्यावर बॉम्बच्या भीतीनं फ्लॉरेन्सच्या संग्रहालयांतली चित्रं आजूबाजूच्या खेड्यांतल्या वाड्यांमध्ये हलवण्यात आली. मोंतेगुफोनीच्या वाट्याला काय आलं ते वाचून मी दोनदा खात्री केली. बोत्तिचेल्लीचं 'प्रिमावेरा' (दोन मीटर उंच आणि तीन मीटरहून रुंद), उच्चेल्लोचं 'सान रोमानोची लढाई', आणि चिमाबुए, दुच्चो, जोत्तो या तिघांच्या थोरल्या मादोन्ना. आज उफ्फिझी संग्रहालयात ज्यांच्यासमोर रांगा लागतात ती ही चित्रं एका खेड्यातल्या वाड्याच्या खोल्यांमध्ये भिंतीला टेकवून ठेवलेली होती. ठेवली तेव्हा वाटलं होतं, खेड्यात युद्ध येणार नाही. जुलै १९४४ मध्ये आघाडी नेमकी याच टेकड्यांवर आली.

जर्मन शिपाई वाड्यात राहून गेले. एका गोल चित्राचं त्यांनी मेज केलं होतं, असं तेव्हाच्या वृत्तांतात येतं. शेजारच्याच मोंतान्यानाच्या वाड्यातली चित्रं जर्मनांनी ट्रकात घालून उत्तरेला नेली. ती युद्ध संपताना पार दक्षिण तिरोलमध्ये सापडली. म्हणजे धोका खोटा नव्हता.

या सगळ्यात वाड्यात माणसं होती. उफ्फिझीचे ग्रंथपाल चेझारे फासोला फ्लॉरेन्सहून आघाडीतून पायी चालत इथवर आले आणि चित्रांपाशी थांबले. हातात शस्त्र नाही. वाड्याचा रखवालदार होता. तळघरांमध्ये आजूबाजूच्या गावांतून आलेली निर्वासित कुटुंबं दाटीवाटीनं राहत होती. जर्मन गेले आणि ८ व्या भारतीय डिव्हिजनची मराठा पलटण वाड्यात आली.

मग जुलैच्या शेवटी एरिक लिंकलेटर आणि विनफर्ड व्हॉन-टॉमस वाड्यावर पोचले. लिंकलेटर हे इटलीच्या मोहिमेचा इतिहास लिहिण्याच्या कामावरचे स्कॉटिश लेखक, व्हॉन-टॉमस बीबीसीचे वार्ताहर. भिंतीला टेकवलेली चित्रं बघून त्यांना आधी वाटलं, नकला असतील. मग ओळख पटली. बातमी वरपर्यंत गेली, खोल्यांवर मराठा शिपायांचे पहारे बसले. पुढं अमेरिकन कलाअधिकारी फ्रेडरिक हार्ट पोचले. युद्ध संपल्यावर चित्रं फ्लॉरेन्सला परत गेली.

आता फॉरवर्डकडं वळू. 'सोडवलं' का? नाही. चित्रांसाठी इथं लढाई झाली नाही, कुणी चित्र हिसकावून घेतलं नाही. जर्मन निघून गेले होते. चित्रं वाचली त्यात फासोलांचा वाटा पहिला, रखवालदाराचा आणि गावकऱ्यांचा दुसरा. मग मराठ्यांनी काय केलं? राखण केली.

हा शब्द मला त्या वाड्यासमोरच्या बांधावर बसून सुचला आणि तिथंच माझा हिरमोड संपला. आपण राखण हा शब्द शेतासाठी वापरतो. रात्री माळ्यावर बसून जोंधळा राखणाऱ्याचं कुणी चित्र काढत नाही, पण राखण नसली तर पीक घरी येत नाही. नुसत्या आघाडीवरच्या वाड्याचं काय होतं हे फौजेत राहिलेल्यांना माहीत आहे. काड्याकुड्या जळणाला जातात, दारं मोडतात, हाताला लागेल ते आठवण म्हणून बॅगेत जातं. हे कुठलंच सैन्य चुकवत नाही. शिवाय आघाडी हाकेच्या अंतरावर, शेजारी न्यूझीलंडचे लोक लढत होते, तोफा चालू. अशा वेळी ज्या वस्तूची किंमत आपल्याला कुणी सांगितलेलीही नव्हती, तिच्या दाराशी रात्रभर जागं राहायचं, आणि चार दिवसांनी पुढच्या टेकडीवर जायचं.

ज्यांनी पहारा दिला त्यांची नावं त्या गोष्टीत नाहीत. लिंकलेटरचं नाव आहे, बोत्तिचेल्लीचं आहे. पहारेकरी फक्त 'मराठे'. इंग्रज अधिकारी तेव्हा मराठा शिपायांना सरसकट 'गणपत' म्हणायचे. शतकानुशतकं जपलेल्या चित्रांच्या दाराशी असे अनेक गणपत उभे होते, एवढंच आपल्या हाती आहे. मला ते फॉरवर्डपेक्षा मोठं वाटतं.

मोंतोने : ज्याचं नाव उरलं

दुसऱ्या मुक्कामाला फ्लॉरेन्स सोडून आग्नेयेला उंब्रिया प्रांतात जावं लागतं. तेवेरे, म्हणजे आपण पुस्तकात वाचलेली टायबर नदी, तिच्या वरच्या खोऱ्यात मोंतोने हे तटबंदीचं गाव एका टेकडीच्या माथ्यावर आहे. पंधराव्या शतकात गाजलेला भाडोत्री सेनापती ब्राच्चो दा मोंतोने याचं हे गाव. हाही वाइनचाच मुलूख, कोल्ली आल्तोतिबेरीनी नावाचा, पण कियांतीसारखं नाव नाही आणि गर्दीही नाही. खाली खोऱ्यात तंबाखू होतो. इथं द्राक्षं धुरावर टांगून वाळवतात आणि त्यांची धुरकट गोड 'व्हिन सांतो' करतात. तंबाखूचं शेत बघून मला निपाणीची आठवण आली नसती तरच नवल.

इथं लढली ती १० वी भारतीय डिव्हिजन. तिचे सेनापती डेनिस रीड हे मूळचे मराठा पलटणीचेच अधिकारी. आफ्रिकेत कैद झाले, इटलीतल्या कैदेतून निसटले आणि पुन्हा इटलीतच डिव्हिजन घेऊन आले. खोऱ्यातून सरळ जाणं शक्य नव्हतं, कारण दोन्ही बाजूंच्या डोंगरांवरून रस्ता दिसतो. म्हणून रसद खेचरांवर लादून डोंगरमाथ्यांवरून, बहुतेक वेळा रात्री, पुढं सरकायचं.

१० जुलै १९४४ ला या डोंगरांवरच ३/५ मराठा लाइट इन्फंट्रीचे नाईक यशवंत घाडगे आपली तुकडी घेऊन चढत होते. कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यातल्या माणगाव तालुक्यातले. वय २२. अगदी जवळून मशीनगनचा मारा आला आणि तुकडीतला एकूण एक माणूस पडला, ठार किंवा जखमी. उरले फक्त घाडगे. ते मशीनगनवर धावून गेले. हातबॉम्ब टाकून गन आणि चालवणारा निकामी केला, टॉमीगननं आणखी एकाला पाडलं. मॅगझिन बदलायला वेळ नव्हता, तेव्हा बंदूक नळीकडून धरून उरलेल्या दोघांना दस्त्यानं मारलं. मग लपलेल्या नेमबाजांच्या गोळ्या लागून तिथंच कोसळले. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला आणि त्यांच्या पत्नीनं तो स्वीकारला. माणगावात त्यांचा पुतळा आहे. इटलीत त्यांची कबर किंवा दहनाची जागा नाही, नाव कासिनोच्या स्मारकावर कोरलेलं आहे. बारा दिवसांनी, २२ जुलैला, खोऱ्यातलं मोठं गाव चित्ता दी कास्तेल्लो पडलं.

मोंतोनेत २०२३ च्या जुलैमध्ये गावकऱ्यांनी आणि इटालियन युद्धइतिहासकारांनी घाडग्यांच्या नावानं एक सूर्यघड्याळ बसवलं. त्यावर लॅटिन वचन आहे, अर्थ असा की आपण सगळे एकाच सूर्याखाली राहतो. मी तिथं दुपारी उभा होतो. काट्याची सावली हळूहळू सरकत होती. समोर डोंगरांमागं डोंगर, आणि मला पहिल्यांदाच आजोबांचं वाक्य नुसतं ऐकू न येता दिसलं. त्या डोंगरातली नेमकी जागा बोट दाखवून सांगण्याचा मोह मी टाळला. ते काम नकाशा आणि पलटणीची डायरी समोर घेऊन करायचं आहे.

सपाटीवरची टेकडी

तिसरी जागा टेकडीवर नाही, पण ती वगळली तर गोष्ट अर्धी राहील. अपेनाइन ओलांडून पलीकडं रोमान्या प्रांतात उतरलं की जमीन ताटासारखी सपाट होते. हाही द्राक्षांचाच देश. इथल्या 'आल्बाना'ला १९८७ मध्ये, इटलीतल्या पांढऱ्या वाइनमध्ये सर्वांत आधी, वरचा दर्जा मिळाला. या सपाटीवर उंच काय, तर सेन्यो नदीचे पूरबांध. १९४४-४५ चा हिवाळा दोन्ही सैन्यांनी या बांधांना बिळं पाडून काढला.

९ एप्रिल १९४५ ला ८ व्या डिव्हिजननं नदी ओलांडली. १/५ मराठाचे शिपाई नामदेव जाधव, नगर जिल्ह्यातले, कंपनीचे निरोप्ये होते. पलीकडच्या बांधावर सुरुंग आणि तीन मशीनगन. सोबतचे बहुतेक पडले. जाधवांनी दोन जखमींना एकामागून एक पाठीवर घेऊन, पाण्यातून आणि सुरुंगांतून, अलीकडं आणलं. मग तिसऱ्यांदा पलीकडं जाऊन तिन्ही मशीनगन बंद केल्या, हाताला गोळी लागलेली असताना. शेवटी बांधावर चढून शिवाजी महाराजांचा जयजयकार केला आणि मागच्यांना हात करून बोलावलं. ते जगले, १९८४ पर्यंत. त्याच दिवशी त्याच नदीवर फ्रंटियर फोर्स रायफल्सचे अली हैदर यांनीही व्हिक्टोरिया क्रॉस मिळवला. इटलीत दिल्या गेलेल्या २० व्हिक्टोरिया क्रॉसपैकी ६ भारतीय सैन्याचे, त्यांतले २ मराठा पलटणीचे.

मी बांधावर उभा राहिलो तेव्हा एक बाई कुत्र्याला फिरवत होती. बांधाची उंची दोन माड्यांच्या घराएवढी असेल. तेवढ्या उंचीवरूनसुद्धा मैलभर दिसतं.

जाणाऱ्यांसाठी, आणि न जाणाऱ्यांसाठी

जायचं असेल तर एप्रिल-मे किंवा सप्टेंबर बघा. जुलैत ऊन बेळगावच्या एप्रिलसारखं असतं, रस्त्याला सावली नाही. पण एक दिवस तरी जुलैच्या दुपारी चालाच, पोरं कशात चढली ते कळेल. आरेझ्झोच्या युद्धस्मशानभूमीत भारतीय दहनस्मारक आहे, फोर्लीला भारतीय सैन्याची वेगळी स्मशानभूमी आहे. तिथल्या नावांमध्ये आपल्याकडची आडनावं सापडतात. नाव सापडलं तर मोठ्यानं वाचा.

न जाणाऱ्यांसाठी काम जास्त आहे. ही पोरं ज्या साम्राज्यासाठी लढली ते आपलं नव्हतं. भरतीला दुष्काळ, कर्ज, पगार आणि घराण्याची रीत अशी बरीच कारणं होती. ते झाकून नुसता जयजयकार करण्यात अर्थ नाही, आणि ते आहे म्हणून त्यांना विसरण्यातही नाही. बेळगाव, खानापूर, चंदगड, निपाणी भागात अजून कितीतरी घरांत काळ्या ट्रंका आहेत. त्यात पदकं, पेबुकं, एखादं इटालियन पोस्टकार्ड असेल. मंडळानं या पावसाळ्यात त्यांची यादी करावी, फोटो घ्यावेत, नाव-गाव-पलटण-साल लिहून काढावं, असा माझा प्रस्ताव आहे. सुरुवात म्हणून आजोबांच्या ट्रंकेतल्या वस्तूंची यादी मी पुढच्या बैठकीला घेऊन येतो.

आणि ते फॉरवर्ड. मी ते डिलीट केलं नाही. फक्त पुन्हा पाठवताना 'सोडवणारे' खोडून 'राखणारे' लिहिलं.